जुम्म्याचं बाहेरचं जेवण

शुक्रवार, ९ मार्च १९६२
ईदच्या शेवया संपल्या नाहीत तोच ह्यांचा हुकूम—चल, फिंतासला! आता म्हणे दर जुम्म्याला नवी जागा बघायची, नव्या हॉटेलात जेवायचं.

कारण यूसुफशेठ. सालमियाला समुद्रावर हॉटेल काढतायत, ह्यांना मुख्य खानसामा करायचं मनात आहे. पण आधी आपल्या घरी येऊन ह्यांच्या हातचं जेवणार, मगच ठरवणार. हे रांधतात ती गोऱ्यांच्या तेल कंपनीची मेस जूनमध्ये बंद होतेय. हे जमलं नाही तर आखात सोडून, गाठोडं बांधून जयगडला परत.

फिंतासच्या खजुरीच्या बागा छान आहेत. खोटं कशाला लिहू! पण ह्यांनी बसायला जागा कुठली निवडली? ओहोटीच्या काठावर मासळी कुजत पडलेली, नेमकी तिथंच चटई पसरली. "काय झकास वारा हाय!" म्हणतात. मी तोंडाला पदर लावून बसले.

मग इराण्याकडे मासा-भात. पहिल्या घासालाच, "सांग गो नूरी, काय काय हाय यात?" जशी माझी मॅट्रिकची परीक्षाच! सांगितलं—काळं सुकं लिंबू, धने, वेलची जरा जास्तच. मान डोलावली. बस्स.

सोमवार, १२ मार्च
ईदनंतर शव्वाल महिन्यात धरायच्या सहा रोज्यांतला पहिला. जिवाला बरं वाटलं.

शुक्रवार, १६ मार्च
सलवाचा किनारा. नुसती वाळू नि वारा. येताना कबाब. पुन्हा तेच, "जिरं हाय? तिखट कितपत?" मी सांगायचं, ह्यांनी लक्षात ठेवायचं, आणि नाव कुणाचं होणार?

एवढ्या पैशात आठवड्याची भाजी आली असती. हिशोबात 'फिरणे' असं लिहिताना हात चालत नाही.

शुक्रवार, २३ मार्च
सालमिया. लेबनानी हॉटेल, बायकांसाठी पडदा लावलेला कोपरा. खाली राहणाऱ्या रुकय्याभाबी जिन्यात म्हणाल्या, "तुझी मजा हाय बाय! आमच्या माणसाला दुकान नि मशीद, तिसरी जागा ठावक नाय."

मजा! थंडीत हे तापाने पडले तेव्हा मी रात्र-रात्र उशाशी बसले. उठल्यापासून माझ्या हातच्या जेवणाला एक शब्द नाही. बरं नाही, वाईट नाही. मान खाली घालून जेवतात नि उठतात. परक्याच्या हॉटेलात मात्र घासाघासाला चौकशी! आज मी बोललेच, "घरच्या बाईचं कालवण काय गुरांना घालायचं असतं?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. झालं तर झालं.

शुक्रवार, ३० मार्च
कुठं गेलो नाही. मी नाही म्हटलं.

सोमवार, २ एप्रिल
पाचवा रोजा. पापलेटचं कालवण केलं. रोज्यात मी जिभेला थेंब लावत नाही. लावता येतो म्हणतात, पण माझं मन घेत नाही.

दुपारी हे जेवायला आले. पहिला घास, आणि काय सांगू—"फक्कड झालंय गो कालवण! असं नाय कधी झालं." भात मागून घेतला. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, हसू दिसू नये म्हणून. किती महिन्यांनी!

सूर्य बुडाल्यावर मगरिबला खजूर खाऊन रोजा सोडला, नमाज पढले, ताट घेतलं. मीठ दोनदा पडलेलं. घास तोंडात धरवेना, थुंकून टाकला.

ते फक्कड म्हणाले. दोनदा वाढून घेतलं.

मंगळवार, ३ एप्रिल
मिठाचं विचारलं. आधी हसले, मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तापानंतर जिभेला काय लागतच नाय. नाकालाबी नाय."

"आणि मेसमध्ये?"

"हाताच्या अंदाजावर. गोऱ्यांना काय, मीठ पुढ्यात ठेवलं का झालं. शेठला नाय फसवता येणार."

मला सांगितलं नाही! बायकोला! माझी हौस म्हणून फिरवतायत असं कुठंतरी वाटत होतं, ते मीच लावून घेतलेलं. फिरायला नेत होते ते माझ्या जिभेला.

पुन्हा म्हणाले, "तुलाबी दर्या बघायचा होताच ना?"

बुधवार, ४ एप्रिल
शेठ उद्या दुपारी जेवायला येतायत. शव्वाल संपत आला, सहावा, शेवटचा रोजा उद्याच धरायचा होता.

धरत नाही. मीठ बघायला चुलीपाशी कुणीतरी हवं.