हॉलिससाहेबांची सरासरी

राबिघ, सौदी अरेबिया,
रविवार, १८ नोव्हेंबर २००७

तीर्थस्वरूप हरिहर भाऊजींच्या चरणी श्रीपादचा नमस्कार.

तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल आणि हे पत्र तुम्ही स्वतःच वाचत असाल, अशी देवापाशी प्रार्थना आहे. (ताई वाचून दाखवत असेल, तर तिने शेवटचा भाग आधी मनात वाचावा आणि मग ठरवावं.) विभावरी बरी आहे. ओवी दहावीत आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, पण उत्तर देते हे काय कमी आहे? मी प्रकृतीने ठीक, डोक्याने गोंधळलेला.

माझं कंत्राट डिसेंबरअखेर संपतं आणि ओवीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे. कंत्राट वाढलं नाही तर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, गेला; इकामा गेला की शाळा गेली. वाढीच्या कागदावर सही करायची ती आमच्या प्लँटच्या हॉलिससाहेबांनी. साहेब अमेरिकन, बावन्न वर्षांचे, प्रत्येक मीटरचा आकडा स्वतः वाकून वाचणारे. हे गृहस्थ तरुणपणी बेसबॉलमध्ये चेंडू टाकत असत, असा शोध आमच्या नाशिकच्या मनीषने लावला. मग दिवाळीच्या मराठी मेळाव्याला त्यांनाच प्रमुख पाहुणे करायचं ठरलं आणि मानपत्र माझ्या गळ्यात पडलं. (शाल पांघरलेला माणूस सही नाकारत नाही, असाही विचार माझ्या मनात आला होता. देवाला तो कळलाच असणार, म्हणून तुमच्यापासून लपवत नाही.)

माहितीसाठी मी साहेबांपाशी बसलो. लहानपणी धान्याच्या कोठाराच्या दारावर खडूने चौकोन काढून त्यात डाव्या हाताने चेंडू मारायचे. मग सात वर्षं लहानसहान गावांच्या संघांतून बसने हिंडले. शेवटी, १९७९ सालच्या सप्टेंबरात, सर्वांत वरच्या संघाने बोलावलं. तिथे ते एकूण एकोणीस दिवस होते. त्यात सामने तीन. नंतर खांदा गेला आणि ते बॉयलरकडे वळले. भाऊजी, मी दोन दिवस याच विचारात होतो. सात वर्षांच्या वणवणीला एकोणीस दिवस हे कसलं फळ म्हणायचं? मग वाटलं, आपण देवाच्या रांगेत सात तास उभे राहतो आणि गाभाऱ्यात पुजारी तीन क्षणांत पुढे ढकलतो. तरी दर्शन झालं नाही असं कुणी म्हणत नाही. हे मी मानपत्रात घातलं. तिथेच थांबायला हवं होतं.

पण मनीषने इंटरनेटवरून एक कागद छापून आणला. त्यावर साहेबांची सरासरी होती, तेवीस पूर्णांक त्रेसष्ट. आम्ही दोघेही क्रिकेटवर वाढलेले. ज्या गोलंदाजाला एक बळी तेवीस धावांत मिळतो, तो काय साधासुधा? मी लिहून टाकलं, 'अशी सरासरी जगात फार थोड्यांच्या वाट्याला येते.' (हे नंतर खरं ठरलं, पण उलट्या बाजूने.)

शुक्रवारी मी मानपत्र वाचलं. सरासरीपाशी चाळीस माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मनीषने साहेबांच्या कानात भाषांतर केलं आणि साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले, कागदी ताटलीवर पेनाने मैदान काढलं आणि समजावू लागले, की त्यांच्या खेळात हा आकडा बळीमागे नसतो. नऊ डाव टाकले तर गोलंदाज किती धावा देईल, ते तो सांगतो. तीन म्हणजे उत्तम, चार चालतील. तेवीस म्हणजे मार खाल्ला. विभावरी मला म्हणाली, "अहो, एवढा मोठा माणूस आणि केवढा विनय!" टाळ्या वाढल्या. साहेब ओरडले, "मी फार वाईट होतो हो!" तशी मनीषची आई सरूबाई (व्हिजिटवर आल्या आहेत) पुढे झाल्या, "मोठी माणसं असंच बोलतात," म्हणाल्या आणि साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली. साहेब खाली बसले.

शनिवारी मला बोलावणं आलं. टेबलावर मानपत्राचं भाषांतर होतं, लाल शाईने भरलेलं. 'अगणित सामने' खोडून 'तीन' केलेलं. साहेब म्हणाले, "श्रीपाद, अठ्ठावीस वर्षं लोक हा आकडा ऐकून हसले. काल पहिल्यांदा टाळ्या पडल्या. घरी जाऊन मी बायकोला फोन केला, रडलोसुद्धा. पण आकडा चुकीचा वाचला तर टाळीही चुकीची." मग माझी फाइल पुढे ओढली. महिनाअखेरीस सही करणार, पण त्याआधी एकेक आकडा तपासणार.

भाऊजी, त्या फाइलीत तुमच्या कारखान्याचं, तुमच्याच सहीचं अनुभवाचं पत्र आहे. मी बॉयलरवर १९८१ साली लागलो असं त्यात आहे. लागलो १९८५ साली. मधली चार वर्षं वडील अंथरुणाला खिळले म्हणून मी देवळात पूजा करत होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही प्रेमाने केलंत, मी मुकाट्याने घेतलं. आता जेवण जात नाही.

ताईची गुडघेदुखी कशी आहे ते कळवा.

तुमचा गोंधळलेला मेहुणा,
श्रीपाद

ता.क. खरं काम असं की १९८५ची तारीख घालून नवं पत्र पाठवा. तुम्ही निवृत्त झालात, पण कारखान्याचा जुना शिक्का तुमच्या कपाटात असेल. खरं लिहायचं असल्यामुळे तो वापरायला हरकत नसावी, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

ता.क. दुसरा (सोमवार). शिक्का वापरू नका. पाकीट बंद करण्याआधी मीच साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी लाल पेन उचललं. मग सव्वीस वर्षं खोडून बावीस केली आणि "बावीस पुरेत," म्हणाले. पण फाइलीत चार वर्षं मोकळी ठेवायची त्यांची तयारी नाही. देवळाकडून अनुभवाचं पत्र हवं आहे, तारखांसह. या देशात देवळाचा कागद चालायचा नाही, म्हणून ते पत्र साहेब स्वतःच्या कपाटात ठेवतील, पुढे कचेरीत जाऊ देणार नाहीत. ते आलं की सही. तेव्हा विश्वस्तांना गाठा. आणि एक सांगायचं राहिलं. ८३च्या पावसाळ्यात मला कावीळ झाली होती आणि दोन महिने पूजा ताईने केली होती. तेवढे दोन महिने तिच्या नावावर घाला.