मारुतीसमोर गाडी बंद

२ जाने. ९४, रवि.
शाळेतल्या सुदामची नवी फटफटी, माझी जुनी. ताडकळसहून डांबरी सोडली आणि नदीकाठच्या गाडीवाटेला लागलो. ज्वारी डोक्याच्या वर, करडई नुकती पिवळी व्हायलीये. आठवडाभर पोरांच्या वह्या तपासून शिणलेला जीव अशा वाटेवरच ताळ्यावर येतो.
मग मामाचं गाव. सुदामचंही तेच, पण त्याचं घर खालच्या वस्तीत. वेशीत त्याने गाडी बंद केली, उतरला, मारुतीच्या पारासमोरून ढकलत नेली. पार ओलांडल्यावर पुन्हा किक. त्यांच्यातल्या कुणी पारासमोरून बसून जायचं नाही. पूर्वी बैलगाडीला होतं, आता फटफटीला. मीही उतरलो. पारावर मामा. म्हणाले, "तू कशाला उतरलास रे? बस की गाडीवर!"
शिसारी आली. पुढचा चिंचांचा पट्टा सगळ्यात देखणा. काही बघितलंच नाही.

४ जाने.
मधल्या सुट्टीत सु.ला म्हटलं, ते गाव नकोच, दुसरी वाट धरू. "तू धर. मला घरीच जायचं असतंय." शिक्षकखोलीत आम्ही दोघंच. चहा निवून गेला.

९ जाने., रवि.
पुन्हा तीच वाट. भर दुपार, गाव सगळं रानात हुरड्याला. पारावर चिटपाखरू नाही. तरी वेशीत सु.चा हात आपोआप चावीकडे.
"अरे कुणी न्हाई, चल की."
"मारुती हाय की," म्हणून हसला.
ते हसणं डोक्यातून जाईना. मास्तर माणूस, दहावीला गणित शिकवणारा. थू असल्या रिवाजावर.

१४ जाने., संक्रांत
रेडिओवर विद्यापीठाचं नामांतर झाल्याची बातमी. सु.ने शाळेत पेढे वाटले. दोघा मास्तरांनी घेतले नाहीत, एकाने घेऊन खिशात घातला.
संध्याकाळी मामा घरी. तिळगूळ हातावर ठेवत, "गोड बोला. आन् त्या तुमच्या सरला सांगा, नाव तिकडं औरंगाबादला बदललंय. पारासमोर न्हाई."
वडी तशीच ताटलीत ठेवून दिली. आई नुसती मान हलवत होती. मामाच्या शकूशी वैशाखात माझं लग्न ठरलेलं.

१५ जाने.
सु. म्हणाला, "उद्या मी पारासमोरून चालू गाडीवर जायलोय. मागं बसतूस का?"
मागं. म्हणजे तो चालवणार, मी बसणार, अख्ख्या गावादेखत. "बसतो" म्हटलं. बरं वाटलं, लय दिवसांनी.
आईला सांगितलं. तिचं तोंड उतरलं. "तुझा मामा सोयरीक मोडीन. त्यापरीस तू तुझी गाडी घेऊन फुडं जा. त्यो मागनं यीन. कोन काय म्हनतंय मंग?"
म्हणजे माझ्या आडोशाने. सगळ्यात घाण गोष्ट ही, की घटकाभर मला ते पटलं.

१६ जाने., रवि.
शकूला कुणीच काही विचारलेलं नाही. मीही नाही.
सु. दारात आलाय. गाडी बंद केलेली नाही. आई चुलीपुढे, पाठ फिरवून. माझ्या गाडीची चावी तिने न विचारता उंबऱ्यावर आणून ठेवलीये.
बूट घातलेत. आणि लिहीत बसलोय.