रोवण्यातलं दुखणं

बाबा, तुमच्या नातीचं नाव मी काल नागपूरच्या दवाखान्यात देऊन आले. तुम्ही असता तर नको म्हणाला असता, म्हणून सांगते आहे, विचारत नाही.

अजून डोळ्यांपुढे येतं: सानगडीच्या आपल्या धानाच्या बांधीत रोवणा चालू आहे, बाया रोपं लावताहेत. दादा पोटरीभर गार चिखलात उभा आहे आणि एकदम मटकन खाली बसतो, गुडघे धरून रडतो. "रोवना आला का याचे हातपाय दुखतेत! कामचोर हाय," तुम्ही सगळ्या बायांसमोर ओरडलात. त्या गार पाण्यानंच त्याचं दुखणं उसळत होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? पुढे सिकलसेल निघाला, तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. "रक्तातच आलं, ते कोन काढन?" दादाला मिसरूड फुटलं न फुटलं तोच तो गेला. ओरडण्याचा राग कधीच विरला, बाबा. त्या 'कोन काढन'चा अजून आहे.

आता तेच दुखणं माझ्या पोरीला आहे. गोळ्या चालू आहेत, तरी दुखणं उठलं की ती उशी दातात धरते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्याच रक्त बनवणाऱ्या पेशी बाहेर काढायच्या, जनुकातला दोष दुरुस्त करायचा आणि परत सोडायच्या. त्याआधी कडक औषधानं आतल्या जुन्या पेशी मारतात, त्यात जिवाला धोका आहे. आपल्याकडे या उपचाराची अजून चाचणीच चालू आहे; तिच्यातच पोरीचं नाव दिलं.

काकाजी तर अंगावरच आले. "देवानं देल्लं रक्त बदलवाले निघाली! काहून पाप घेऊन राहिली?"

"बाबा दरसाल बियाण्याले निवडक लोंबाच ठेवत. तवा देव आडवा आला का?" मी म्हटलं.

"धान येगळं, मानूस येगळा."

खरं आहे. धान मेलं तर पुन्हा पेरता येतं. म्हणूनच मी हात जोडून बसणार नाही. दुखणं रक्तातून आलं असेल, तर त्याला रक्तातच गाठीन.

पोरीनं एवढंच विचारलं, "आई, मंग मले बांधीत उतरता येईन?"

"येईन. सगळ्याइच्या पुढं रोवशीन," मी म्हटलं. ती हसली.

डॉक्टरीणबाई एवढं ठाम बोलल्या नव्हत्या, बाबा. हे तुम्हाला सोडून कुणालाच सांगितलं नाही. पोर उठायच्या आत हा कागद चुलीत घालते.