माझ्यासमोर कुणी जेवत नाही

३ मे, शनिवार

डबे उघडायला लावले! तिन्हीच्या तिन्ही. विमानतळावरच्या तपासणीवाल्या बाईने पावडर चमच्यावर घेतली, हुंगली, कसलासा कागद लावून पाहिला. लेक सांगून सांगून थकली — हे माझ्या आईचं जेवण आहे, तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय, तिला गिळता येत नाही, पोटाला नळी आहे, त्यातून द्यावं लागतं. बाई नुसती माझ्याकडे बघत उभी. शेवटी मीच कुडता वर केला आणि नळी दाखवली. बाई लालबुंद. घाईघाईने डबे बंद करून हातात दिले आणि जा म्हणाली.

इतक्या लोकांत पोट उघडं टाकलं आणि मला काही वाटलं नाही. घशाबरोबर लाजही काढून टाकली की काय डॉक्टरांनी?

ह्यांना मात्र लागलं.

४ मे, रविवार

पोचलो. भाड्याचं घर आहे, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एवढंसं स्वयंपाकघर — दोघं आत गेले तर एकाला उलटं चालत बाहेर यावं लागतं. खाली पावाचं दुकान. खिडकी उघडली की भाजल्याचा वास सरळ आत. मी उघडते, लेक बंद करते. मी पुन्हा उघडते. अगं, नाक अजून शाबूत आहे माझं!

ही सहल ठरली तेव्हा मी धडधाकट होते. हे निवृत्त झाले म्हणून लेकीने आणि जावयाने बेत आखला होता. मग माझ्या घशाचं दुखणं निघालं. सगळे म्हणाले, रद्द करू. मी म्हटलं, मुळीच नाही. गिळता येत नाही म्हणून चालता येत नाही असं थोडंच आहे! डॉक्टरही हो म्हणाले.

आज मात्र वाटतंय, हट्ट केला तो चुकला का? रात्रीचं जेवण कुणी जेवलंच नाही. "विमानात फार झालं," लेक म्हणाली. "पोट जड आहे," जावई म्हणाले. हे तर पांघरूण घेऊन पडले.

५ मे, सोमवार

जावईबापू म्हणजे माणूस नव्हे, पंगत! लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी वाढता वाढता दमले, ते नाही दमले. "आई, तुम्ही बसा, मी घेतो" म्हणत पातेलंच पुढ्यात ओढलं होतं. मला तेव्हाच पोरगा आवडला.

तर असा माणूस आज सकाळी म्हणतो, "मी हल्ली नाश्ता सोडलाय, आई."

नंतर न्हाणीघरात गेले. नळ सोडला. पण नळाच्या आवाजातूनही कागदाची कुरकुर ऐकू येत होती. बाहेर आले ते गाल पुसत. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. पेपर इथल्या भाषेतला — मला एक अक्षर कळत नाही. उलटा तर धरला नव्हता ना?

दुपारी मी माझं फीड घेतलं. कोमट पाण्यात पावडर कालवायची, सिरिंजमध्ये भरायची, नळीला लावायची. काही लागत नाही. पोट भरतं, जेवल्यासारखं होत नाही. मी घेत असते तेव्हा तिघांनाही एकदम कामं आठवतात. एक खिडकीशी, एक मोबाइलमध्ये. हे चष्मा पुसतात.

६ मे, मंगळवार

आज स्वयंपाक केला. कुणाला न विचारता. सकाळी लेकीला घेऊन बाजारात गेले, बोट दाखवून बटाटे, कांदे, तांदूळ घेतले. भाजीवाला काहीतरी विनोद करत होता, लेक हसली, मीही हसले. माझं हसणं ऐकून तो चपापला. ओल्या लाकडासारखं हसते मी आता.

भात आणि बटाट्याचा रस्सा. कांदा परतला तेव्हा सगळं घर कसं जागं झालं! वासावरून केलं सगळं. मिठाचं मात्र कळेना. चाखता येत नाही, काय करणार? लेकीला हाक मारली, "मीठ बघ." तिने चमचा तोंडाला लावला आणि तोंड फिरवलं.

"बरोबर आहे का?"

"बरोबर आहे, आई."

नव्हतंच बरोबर. तिचा आवाज मला कळतो.

वाढलं. तिघं बसले. मी समोर. आणि काय सांगू — जणू दहाव्याचं जेवण! माना खाली. जावयांनी दोन घास घेतले. लेकीने भात इकडून तिकडे केला. ह्यांनी एक घास तोंडात घेतला, पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले आणि ताट सारलं.

मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही गं. तू अशी बसलेली... नाही जात घास."

सगळा रस्सा कचऱ्यात ओतला. मीच. वर्गातल्या पन्नास पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई मी, आणि माझ्याच घरच्या तिघांना "जेवा" म्हणून ओरडता येईना. ओरडले तर नुसती हवा येते. खोकला येतो. मग ते आणखी घाबरतात.

७ मे, बुधवार

पाऊस. घरातच. कुणी काही खाल्लं असलं तर मला माहीत नाही.

८ मे, गुरुवार

नीट लिहिता येत नाही. तरी लिहिते.

सकाळी आम्ही चौघं जुन्या राजवाड्याशी गेलो. लेक म्हणाली, "आम्ही तिकिटं काढून आणतो, तुम्ही दोघं इथे पायरीवर बसा." ऊन चांगलं होतं. हे बसले. मी माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले, दुपारचं फीड कालवून बाटलीत भरून आणलं होतं.

हे काहीतरी बोलायला लागले. कबुतरांबद्दल. मग म्हणाले, "ही कबुतरं शाळेत का येत नाहीत?" मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. बघितलं तर कपाळावर घाम. सदरा पाठीला चिकटलेला. हात थरथरतोय.

"काय होतंय?"

"कुणाला?"

माझ्या पायाखालची पायरी सरकली. ह्यांना साखर आहे. रोज सकाळी गोळी घेतात — आज माझ्यासमोरच घेतली. आणि खाल्लं काय? काल काय खाल्लं होतं? काही नाही!

लेकीला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. मग उभी राहिले आणि ओरडले. ओरडले म्हणजे — तोंड उघडलं. घशातून नुसतं घरघर. एक जोडपं बाजूने गेलं, बाईने नवऱ्याला जरा ओढून दूर घेतलं. मी एका माणसाचा हात धरला, "साखर, साखर" म्हटलं. त्याने हात सोडवून घेतला. भाषा कळली असती तरी शब्द कळला नसता. माझं बोलणं घरच्यांनाच कळतं.

इकडे ह्यांची मान कलायला लागलेली. इतकी असहाय मी ऑपरेशनच्या टेबलावरही नव्हते. तिथे निदान माझंच मरण होतं.

आणि एकदम डोक्यात आलं. बाटली! माझं फीड गोड असतं — डब्यावर लिहिलंय ना, साखरयुक्त. बाटलीचं झाकण काढलं, ह्यांची मान हातावर घेतली, बाटली ओठाला लावली. "प्या." आधी हनुवटीवरून ओघळलं. "प्या म्हणते ना!" मग प्यायले. एक घोट. दुसरा. मग घटाघटा, तान्ह्या पोरासारखे. अर्धी बाटली गेली.

तेवढ्यात एक म्हातारी बाई खाली वाकली. तिने काही विचारलं नाही. बघितलं, ओळखलं, आणि समोरच्या टपरीवरून सरबताचा ग्लास घेऊन आली. तोही पाजला. थोड्या वेळाने ह्यांनी डोळे नीट उघडले, माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं.

"हे तुझं?"

मी मान हलवली.

आणि मग मी विचारलं. इतके महिने कुणाला विचारता आलं नव्हतं ते. "कसं लागतं हो?"

ह्यांनी जीभ ओठावरून फिरवली. नीट विचार केला. म्हणाले, "खडूच्या भुकटीत साखर घातल्यासारखं. आणि शेवटी जरासं... औषधाच्या दुकानाचा वास येतो ना, तसं."

मी ढसाढसा रडले. राजवाड्याच्या पायरीवर. खडू! म्हणजे जन्मभर खडूच खाल्ला म्हणायचा — शाळेतही आणि आता पोटातही. रडता रडता हसू आलं. ती म्हातारी आमच्याकडे बघून पदर नसताना डोळे पुसत होती.

लेक आणि जावई पळत आले. "रांग होती, आई! रांग खूप होती!" जावयांच्या मिशीत पावाचा चुरा. लेकीने तो पाहिला, मी पाहिल्याचंही तिने पाहिलं, आणि ती तिथेच खाली बसली.

संध्याकाळी डॉक्टरला दाखवून आणलं. आता बरे आहेत. उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही म्हणाला. हे त्याने सांगायला हवं होतं का?

९ मे, शुक्रवार

आज बोलले. तिघांना समोर बसवून, एकेक शब्द सुटा करून, वर्गात शुद्धलेखन घालायचे तसं.

"तुम्ही लपून खाता, त्याने माझी भूक जात नाही. मी एकटी पडते फक्त. उद्यापासून सगळे माझ्यासमोर जेवणार. पोटभर. आणि चव मला सांगायची."

जावई म्हणाले, "आई, आम्हाला वाटलं तुम्हाला त्रास..."

"त्रास होतो. होऊ दे."

लेक गळ्यात पडली. नळी दुखली, पण बोलले नाही.

१० मे, शनिवार

काय सांगू! हॉटेलात गेलो. खरंखुरं, पांढरी चादर टेबलावर असलेलं. मी बोट दाखवत सुटले — हे आणा, ते आणा. वाढणाऱ्याला वाटलं मीच खादाड आहे. माझ्यासाठी ताट ठेवायला लागला, मी त्याला थांबवलं नाही. असू दे रिकामं. पण माझं असू दे.

जावयांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी म्हटलं, "सांगा."

"छान आहे."

"छान ही चव नव्हे! नीट सांगा."

बिचारे घामाघूम. "वरून कुरकुरीत... आत मऊ... आई, लसूण आहे. आणि लोणी. आणि... आणि जरा जळकं, पण चांगलं जळकं."

चांगलं जळकं! दहापैकी आठ गुण. दोन कापले, तोंडात घास असताना बोलले म्हणून. मग माणूस सुटला. जुनी पंगत परत आली. माझ्या रिकाम्या ताटातही पाव ठेवला आणि नंतर तोही त्यांनीच खाल्ला. लेक आधी रडत रडत जेवली, मग नुसतीच जेवली. मासा ओशट नाही म्हणाली, लिंबू बरोबर पडलंय म्हणाली. मी सिरिंज टेबलावरच काढली आणि त्यांच्याबरोबर जेवले. शेजारच्या टेबलावरच्यांनी बघितलं. बघू देत.

एकच खुपलं. ह्यांनी सूप मागवलं. नुसतं सूप! मी डोळे वटारले.

लेक म्हणाली, "बाबा, आता काय? आता तर आई स्वतः सांगतेय."

"सवय गेली गं," म्हणाले. "पोट लहान झालंय. हिच्या बाटलीतलंच दे मला थोडं, ते बरं जातं."

सगळे हसले. मीही.

११ मे, रविवार

राग येतोय ह्यांचा. आज दिवसभर फक्त दूध आणि सूप. साखर सांभाळायला तेवढं पुरतं म्हणतात. सोबत म्हणून उपाशी राहणं पुरे झालं आता! काल सगळ्यांचं सुटलं, ह्यांचंच सुटत नाही. प्रेम म्हणायचं ते हेच असेल तर मला नको आहे. असं तोंडावर म्हटलं.

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. भांडायलाही येत नाही या माणसाला.

उद्या परतीचं विमान.

१२ मे, सोमवार

लेक आणि जावई आत बॅगा बांधत होते. आम्ही दोघं त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात. माझी पाठ आहे असं समजून ह्यांनी पावाचा तुकडा तोंडात टाकला. नखाएवढा. खूप वेळ चावला. पाण्याचा घोट घेतला, हनुवटी छातीला टेकवली, डोळे मिटले आणि वाट पाहिली.

ती वाट मी ओळखते. तुकडा खाली जातो की वर येतो, त्याची. ऑपरेशनच्या आधी वर्षभर मी तशीच पाहत होते, पित्त आहे म्हणत.

मी विचारलं, "कधीपासून?"

"काय?" असं ते म्हणाले नाहीत.

"तू हॉस्पिटलात होतीस ना," म्हणाले, "तेव्हापासून."