बोल्टवरचा हात

कुरखेडा,
रविवार, दुपार

प्रिय रंजू,

तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही. ‘बाबा वर्कशॉपात आहेत’, ‘बाबा आत्ताच झोपले’ असं आई सांगते ते खोटं आहे, आणि तिला खोटं धड सांगता येत नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी रागावलेलो नाही, तब्येतही ठणठणीत आहे. न उचलण्याचं कारण शेवटी लिहितो. आधी मशीनचं लिहितो, तुझा जीव तिथं अडकला आहे म्हणून.

पुढच्या महिन्यात कॉलेजात परीक्षक येणार. त्यांच्यासमोर तुझ्या मशीनमधून बी फुटून चारोळी अख्खी पडली पाहिजे. नाही पडली तर प्रकल्प गेला, प्रकल्पाबरोबर पदवी अडकली, आणि चाकणच्या कारखान्यात सहा महिने उभ्यानं काम करून जी नोकरी तू जवळजवळ हातात आणलीस तीही लांबली. हे सगळं मला समजतं. म्हणून तू मशीन टेम्पोनं इकडं पाठवलीस त्याच दिवशी मी ती खोलून, पुसून, जमिनीला समतल करून बसवली. पट्ट्याचा ताण तू कागदावर लिहिला होतास तेवढाच ठेवला. मोटरचा एक नट वाटेत ढिला झाला होता, तो आवळला. बाकी कशाला हात लावला नाही. बी फोडायची फट ठरवणाऱ्या बोल्टवर तू लाल रंगाचा ठिपका दिला आहेस, तोही तसाच.

चाचणीला सुकरीबाईला बोलावलं. तुला ती आठवते, दरवर्षी जंगलातून चारं, म्हणजे चारोळीची फळं, वेचून आणते आणि त्यातली बी घरच्या जात्यावर फोडते. सोबत तिची सून बुधरी होती. दोघींनी भिजवून वाळवलेली बी आणली. मशीन सुरू केली तेव्हा आवाज फार छान आला, हे मी बापाच्या मायेनं म्हणत नाही. बेअरिंग सरळ बसली की कसा आवाज येतो ते मला कळतं. पण खाली जे पडलं त्यात अख्खे दाणे थोडे, चुरा बराच, आणि काही बी तर जशी गेली तशीच फुटल्याशिवाय बाहेर आली. सुकरीबाईनं ओंजळीत घेऊन बघितलं आणि म्हणाली, “भाऊ, तुमच्या पोरीची मशीन पंगतीतल्या वाढप्यावानी हाय. मोठ्यायवर तुटून पडते अन लहान्यायले पाहतच नाई.” बुधरी तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही. नंतर घरी येऊन हसलो.

मग जे झालं ते आईनं तुला सांगितलंच आहे, पण तिनं अर्धं सांगितलं. मी पाना घेतला आणि मशीन चालू असतानाच बोल्टवर हात ठेवला. आवाज जड झाला की किंचित सैल, मोकळा झाला की किंचित आवळ. भातगिरणीचं हलर मी असंच लावतो. कुरखेड्यापासून कोरचीपर्यंत हलर बिघडलं की लोक माझ्याकडे येतात, हे बढाई म्हणून नाही, माहिती म्हणून लिहितो. टोपलीभर बी अशी काढली आणि चारोळी जवळजवळ सगळी अख्खी आली. पांढरी, गोल, अंगावर ओरखडा नाही. सुकरीबाईनं दोन दाणे तोंडात टाकले आणि मान हलवली. फाटकाशी माणसं जमली होती. संध्याकाळपर्यंत बाजारात पसरलं होतं की गुणवंतरावनं चारोळीची मशीन बनवली. मी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

इथपर्यंत आईनं सांगितलं, आणि ते ऐकून तू त्याच रात्री मला फोनवर म्हणालीस, “बाबा, त्या दिवशी तुमीच मशीनजवळ उभे राहा ना. तुमच्या हाताचं ते ऐकते. कोण इचारते?” रंजू, तू मला तुझ्या कॉलेजात बोलावलंस, तेही मशीनपाशी, याचा मला किती आनंद झाला ते सांगत नाही. आईनं माझा निळा सदरा त्याच दिवशी इस्त्री करून खुंटीला लावला. फोन ठेवल्यावर मी मनातल्या मनात कुठं उभं राहायचं, पाना कोणत्या हातात धरायचा म्हणजे परीक्षकांना दिसणार नाही, इथपर्यंत ठरवून टाकलं होतं.

आता उरलेलं अर्धं. दुसऱ्या दिवशी दुर्गा मंडळवाल्यांचा जनरेटर बघायला मला जावं लागलं. बोल्ट मी लावून दिला होता तसाच ठेवला आणि सुकरीबाईला म्हटलं, तुम्ही चालवा. परत आलो तर ती मशीनसमोर पाटावर बसली होती आणि पुढ्यात चुऱ्याचा ढीग. घरची बी होती, सगळी. तिनं चुरा गोळा करून फडक्यात बांधला, लाडूले होईल म्हणाली, आणि सुनेला घेऊन गेली. तिच्या पाठीकडे बघताना मला तुझं एक बोलणं आठवलं. चाकणला गेल्यावर पहिल्याच महिन्यात तू सांगितलं होतंस की इथं हाताचा गुण चालत नाही; पहिल्या पाळीतल्यानं बनवलं काय आणि तिसऱ्या पाळीतल्यानं काय, वस्तू एकच निघाली पाहिजे. ते मला तेव्हा फार लागलं होतं. माझं सगळं आयुष्य हाताच्या गुणावर उभं आहे, आणि माझीच मुलगी त्याला खोट म्हणते असं वाटलं. आईजवळ मी बोललोही, की दोन बुकं शिकली की बापाचा हात अडाणी होतो. आई म्हणाली होती, तिनं तुमचं नाव तरी घेतलं का?

सुकरीबाई गेल्यावर मी वर्कशॉपात बसून राहिलो. आई चहा घेऊन आली, मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “तुमी उभे राह्यले त पोरगी पास होईन. मंग मशीनसंग तुमाले बी गावोगावी पाठवाचं का?”

तिला हलर आणि थ्रेशरमधला फरक अजून कळत नाही, पण हे कळलं.

तेव्हा मी पाना घेतला आणि बोल्ट फिरवून परत तुझ्या लाल ठिपक्यावर आणला. त्याआधी बोल्ट कुठं होता याची खूण ठेवली नाही. मशीन झाकून ठेवली आहे. परीक्षेच्या दिवशी मी येईन, निळा सदरा घालून येईन, पण खाली खुर्चीवर बसेन. हात मांडीवर ठेवेन. मशीनजवळ तू एकटी उभी राहशील, आणि जमलं तर बी टाकायला सुकरीबाईला ने. तिनं हो म्हटलं आहे, भाडं मी बघतो. तिच्या हातानं चारोळी अख्खी पडली तर पास. माझ्या हातानं पडली तर तो फक्त माझा जत्रेतला खेळ.

कारखान्यातून चार दिवसांची रजा माग. न दिल्यास भांडू नकोस, पण नीट कारण सांगून माग. काम समजणारा माणूस असेल तर देईल. वडशाला स्टेशनवर उतरलीस की घ्यायला येतो. भिजवायचं, फोडायचं असं काही न करता दोन पोती बी तुझ्यासाठी वेगळी ठेवली आहे, बारीक-जाड जशी जंगलातून आली तशी. आल्यावर आधी माझ्या वर्कशॉपात येऊ नको, सुकरीबाईच्या ओसरीवर जाऊन बस. ती काय करते ते बघ, विचारू नको, दोन दिवस नुसतं बघ. तुला तिथं सोडून ते दोन दिवस मी चामोर्शीला तुझ्या आत्याकडे राहणार आहे. तिची मोटर नाही का बिघडली? बिघडलेली नाही, पण मी तसं सांगून जाणार आहे. घरात राहिलो तर माझ्यानं राहवणार नाही.

आता फोनचं. मशीनला काय कमी आहे ते मला कळलं आहे, किंवा कळलं आहे असं वाटतं. माझं चुकतही असेल, आणि तुला त्याहून चांगलं सुचेल अशी मला आशा आहे. फोनवर तू एकदा “बाबा” म्हणालीस की मी पुढचं सगळं सांगून मोकळा होईन. जिभेवर आलेलं परत गिळता येत नाही. कागदावरचं खोडता येतं. तुला हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. सुकरीबाईच्या वाढप्याच्या बोलण्याखाली तीन ओळी मी काळ्या केलेल्या तुला दिसतील. चांगल्या दाबून केल्या आहेत. तरी उजेडाला धरून वाचायला जाशील, तुझा स्वभाव मी ओळखून आहे, म्हणून मागच्या बाजूनंही पेन फिरवला आहे.

तुझाच, हात आवरून बसलेला,
बाबा