वर्षावासात गाव सोडायचं नाही

१० जुलै, आषाढ पौर्णिमा. पहाटे ५.१०
आजपासून वर्षावास. आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे तीन महिने, मी राजेंद्र, निवृत्त हेडक्लार्क, सारंगखेड्याची हद्द ओलांडणार नाही. बुद्धाच्या काळापासून भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात. प्रवास करत नाहीत, कारण पायाखाली कोंब आणि किडे मरतात.

मी भिक्खू नाही, असं निर्मलाने चहा देताना सांगितलं. पुरावा म्हणून तिने स्वतःकडे बोट दाखवलं. जपानमध्ये भिक्खूंना बायका असतात. हे तिला माहीत नाही, कारण ती यूट्यूबवर फक्त रेसिपी बघते.

संकल्प: रोज एक तास ध्यान. दुपारी बारानंतर अन्न नाही (थायलंड). सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री (सर्व देश). गाव सोडायचं नाही.

मागच्या आठवड्यात रविनाचा फोन आला होता. त्याचा वरील संकल्पांशी काहीही संबंध नाही.

रात्री ८
ध्यान: चार मिनिटं. विहारात खीर होती, दोन वाट्या घेतल्या. दानाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. थायलंड उद्यापासून.

१३ जुलै, रविवार
रविनाचा विषय एकदाच लिहून टाकतो, म्हणजे ध्यानात मध्ये मध्ये येणार नाही.

रविना आमची एकुलती एक. नवापूरच्या दवाखान्यात नर्स. गेल्या डिसेंबरात तिने तिथल्याच लॅब टेक्निशियनशी रजिस्टर लग्न केलं. सॅम्युअल. कोकणी आदिवासी, ख्रिश्चन. मी विरोध केला नव्हता. मी फक्त सात वर्षं थांबायला सांगितलं. आणि थांबायचं नसेल तर या घरात पाय ठेवू नकोस, असंही सांगितलं. दोन्ही वाक्यं मी शांतपणे बोललो होतो. गल्लीतल्या लोकांनी ती ऐकली, पण आमच्या भिंतीच पातळ आहेत.

आता तिला सहावा संपत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी. निर्मलाने माळ्यावरची खाट काढून धुतली सुद्धा. पण रविनाची अट आहे. पप्पा स्वतः मुऱ्हाळी होऊन आले तरच येईन. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला सासरहून आणायला जाणारा माहेरचा माणूस. खरं तर भाऊ जातो. तिला भाऊ नाही, त्याला मी काय करणार?

मी निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात वर्षावास लागला.

१९ जुलै
थायलंडच्या नियमाचा सखोल अभ्यास केला. बारानंतर अन्न चालत नाही, पेय चालतं. म्हणून संध्याकाळी उसाचा रस. मग ताक. मग शेवभाजीचा रस्सा. रस्सा द्रवपदार्थ आहे. त्यात शेव होती, ती मी टाकलेली नव्हती.

निर्मला म्हणे, भाकर काय शे मग? मी म्हणालो, भाकर चमचा आहे.

२७ जुलै
थायलंड बंद. आपल्या हवामानाला तो देश सूट होत नाही. जपान सुरू.

जपानी पद्धतीत भिंतीकडे तोंड करून बसतात आणि डुलकी लागली की मागचा माणूस खांद्यावर लाकडी पट्टी मारतो. पट्टी नव्हती, धुण्याचं धोपाटणं होतं. निर्मलाला समजावून सांगितलं. तिने इतक्या आनंदाने होकार दिला की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. तीन फटके बसले. त्यातला एकच डुलकीसाठी होता. उरलेले दोन कशासाठी, असं मी विचारलं. ती म्हणाली, एक मन्हा आणि एक रविनाना.

जपानही बंद. खांद्याला बाम.

३ ऑगस्ट
तिबेटी लोक फार व्यवहारी. मंत्र लिहिलेलं चक्र फिरवायचं, जितके फेरे तितकं पुण्य. मी चार कागदांवर मंत्र लिहून ते टेबल फॅनच्या पात्यांना चिकटवले. एका मिनिटात हजारभर फेरे. तिबेटात म्हातारी माणसं जन्मभर हाताने फिरवतात, त्यांच्या पुढे मी एका दुपारीत गेलो.

३ ऑगस्ट, दुपारी ३
लाईट गेली. आल्यावर एक कागद सुटून आमटीत पडला.

१० ऑगस्ट, रविवार
वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचतात गुलाबबाई, माझ्या चुलत काकू. वय बहात्तर. प्रौढ वर्गात अक्षरं शिकल्या, अजून बोट ठेवून वाचतात. एका पानाला अर्धा तास लागतो. श्रीलंकेत म्हणे असं पठण रात्रभर चालतं, इतक्या शुद्ध उच्चारात की ऐकत राहावं. मी काकूंना शुद्ध उच्चाराच्या सूचना दिल्या. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसलेल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या.

वाचन संपल्यावर काकूंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "राजू, भिक्खू बी वर्षावासमा सात दिन जाई शकस. मायबाप, नातंगोतं आजारी पडनं तं. लिखेल शे. आणि तू तं भिक्खू बी नही."

मी त्यांना शांतपणे नियम समजावला. सात दिवसांची सवलत आजारपणासाठी आहे. गरोदरपण हा आजार नाही. सरकारसुद्धा तसं मानत नाही. वैद्यकीय रजा वेगळी, प्रसूती रजा वेगळी. छत्तीस वर्षं मी हे अर्ज वेगळ्या फायलीत लावले आहेत.

काकू म्हणाल्या, नवापूर काय अमेरिकामा शे का? हा मुद्दा नियमाला धरून नव्हता, म्हणून मी तो दाखल करून घेतला नाही.

२४ ऑगस्ट
मैत्री भावना. पद्धत अशी: आधी स्वतःला सुख चिंतायचं, मग प्रिय व्यक्तीला, मग तटस्थ व्यक्तीला, मग शत्रूला. ब्रह्मदेशातला एक भिक्खू व्हिडिओत फार गोड समजावतो. पहिली पायरी उत्तम झाली. अकरा मिनिटं, माझा विक्रम. दुसऱ्या पायरीवर रविना आली आणि मी पाणी प्यायला उठलो.

परत बसलो तर सॅम्युअल आला. त्याला कोणत्या पायरीवर घ्यावं? प्रिय म्हणता येत नाही. शत्रूही म्हणता येत नाही, कारण मी कुणाला शत्रू मानत नाही. तटस्थ म्हणावं तर नाव ऐकून रक्तदाब वाढतो. प्रकरण प्रलंबित.

२५ ऑगस्ट
सॅम्युअलच्या आई एस्तेरबाई यांनी कुणाच्या तरी हाती पाच किलो तूरडाळ पाठवली. नवापूरची डाळ. परत पाठवा म्हणालो. तोवर निर्मलाने वरण केलं होतं. खाल्लं. डाळीला धर्म नसतो.

पण वरण चांगलं होतं हे मी बोललो नाही.

७ सप्टेंबर
सॅम्युअलचा फोन. निर्मलाने माझ्या कानाला लावला. म्हणाला, पप्पा, शुगर तपासली का? तीन महिने झाले.

माझं मौन चालू होतं, म्हणून बोललो नाही. मौन त्याच क्षणी सुरू केलं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार
निर्मलाने सांगितलं, तुम्ही नका जाऊ, मीच मुऱ्हाळी होऊन जाते. मी ताबडतोब मंजुरी दिली. तिने रविनाला फोन लावला, स्पीकर चालू होता. रविना म्हणाली, "आई, तू माले घरबाहेर काढं नव्हतं."

निर्मलाने स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.

मला पोरीची आठवण येत नाही असं नाही. येते. यात्रेत घोडे यायला लागले की तिला खांद्यावर घेऊन मी पुलापर्यंत चालत जायचो. प्रत्येक घोड्याला ती नाव द्यायची. एका पांढऱ्या घोड्याला तिने माझं नाव दिलं होतं, कारण तो कुणाचं ऐकत नव्हता. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. आजही वाटतं.

पण शब्द म्हणजे शब्द. ती म्हणते पप्पा आले तर येईन, आणि मी म्हणतो वर्षावास संपला की येईन. यात अहंकार कुणाचा आहे हे उघड आहे. पौर्णिमा सात ऑक्टोबरला, डॉक्टरांची तारीख पंधराची. आठवडाभर हातात आहे. प्लॅनिंग चोख आहे.

२ ऑक्टोबर
धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात माझं भाषण झालं. विषय: धम्मात जात नाही, पंथ नाही, देश नाही. जपान, तिबेट, श्रीलंका, कोरिया सगळे घेतले. पन्नास मिनिटं. टाळ्या पडल्या. निर्मलाने वाजवल्या नाहीत. घरी येताना तिने एवढंच सांगितलं, नंदुरबारनी गाडी सकाळे सहा चाळीसले शे.

मी आता पवारणेच्या तयारीला लागलो आहे. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू हात जोडून सगळ्यांना सांगतो: माझ्यात दोष पाहिला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल तर सांगा. आमच्या गावात असं जाहीरपणे कुणी केलेलं नाही. मी करणार. बॅनर, माईक, खुर्च्या पन्नास. माईकवाला रायसिंग येतो म्हणाला. संभाव्य दोष चौदा काढले आणि चौदाही दोषांची उत्तरं तयार केली. काकूंच्या उच्चाराचा मुद्दा निघाला तर श्रीलंकेचा दाखला देणार.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११
नवापूरहून फोन. मुलगी झाली. दहा दिवस आधी. दोघी बऱ्या आहेत.

निर्मला रडली, मग डिंकाचे लाडू पिशवीत भरले, मग दारात उभी राहिली आणि एकदाच विचारलं, येता का. मी म्हणालो, दोनच दिवस राहिले, अठ्ठ्याऐंशी दिवसांचं अधिष्ठान दोन दिवसांसाठी मोडायचं का? ती पिशवी घेऊन रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत तिने मागे बघितलं नाही.

मी मागे हटणारा माणूस नाही. लोकांनी हे समजून घ्यायला हवं.

दुपारी ४
धुतलेली खाट अजून मधल्या खोलीतच आहे. वर मच्छरदाणी बांधलेली आहे. ध्यानाला बसलो, पण तोंड खाटेकडे येत होतं. जागा बदलली. तरी तेच.

७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा
पवारणा. वेळ सकाळी दहा. मी पांढरा सदरा घालून पावणेदहाला विहारात. खुर्च्या पन्नास. माणसं शून्य.

सव्वादहा. रायसिंग वायर सरळ करत होता. साडेदहाला मी त्याला विचारलं, लोकांना वेळ माहीत नाही का? तो म्हणाला, साहेब, सगळा सकाळेच दोन जीप करीसन नवापूर गयात ना, बाळ देखाले. गुलाबमाय बी गयी. तुमले सांगं नही कोणी?

मी म्हणालो, कार्यक्रम होणार. सुरू केलेली गोष्ट मी पूर्ण करतो. माईक हातात घेतला आणि रिकाम्या खुर्च्यांना हात जोडून म्हणालो, माझ्यात दोष पाहिला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल तर सांगा. आवाज पुलापर्यंत गेला असेल. आजवर इतका चांगला माईक कुणी लावलेला नाही.

रायसिंगने हात वर केला. म्हणाला, साहेब, मी सांगू? मी म्हणालो, सांग.

"तुम्ही गया नहीत."

मग तो वायर गुंडाळायला लागला. चौदा उत्तरांत याचं उत्तर नव्हतं. मी पुन्हा एकदा कागद वर-खाली बघितला. नव्हतं.

खुर्च्या आम्ही दोघांनी मिळून उचलल्या.

८ ऑक्टोबर, बुधवार. नवापूर
सहा चाळीसची गाडी पकडली. कुणाच्या सांगण्यावरून नाही. वर्षावास काल संपला म्हणून. नंदुरबारला गाडी बदलली. वाटेत भाषण पाठ केलं.

सॅम्युअलने फाटकापर्यंत येऊन पिशवी घेतली. त्याची पायरी अजून ठरलेली नाही, पण पिशवी जड होती, म्हणून दिली. एस्तेरबाईंनी पाणी दिलं. निर्मला आत होती, बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, बाळंतपण ते हुई गयं, आते काय न्याले उनात? आता काय न्यायला आलात, हे ऐकत मी चपला काढल्या.

रविना खाटेवर बसली होती. वाळली आहे. मी हात जोडले. भाषणातलं पहिलं वाक्य तेवढं आठवलं: माझ्यात जे दोष पाहिले असशील ते सांग.

तिने केसांची वेणी सोडली. मग म्हणाली, "यादी मोठी शे पप्पा. आधी इले धरा. माले आंघोळ करनी शे."

आणि पोरगी माझ्या हातात देऊन ती गेली. मी जिथे होतो तिथेच, भिंतीकडे तोंड करून, मांडी घालून बसलो. मान धरायची असते म्हणून हात हलवता येईना. पाठ टेकवता येईना. एस्तेरबाईंनी जेवायला बोलावलं, तोंडाने उत्तर देता येईना, पोरगी झोपली होती. तिचा श्वास चालू आहे ना, एवढंच बघत होतो. एक येतो, एक जातो. मधेच थांबल्यासारखा वाटतो आणि पुन्हा येतो. पायाला मुंग्या आल्या, मग पाय माझा राहिलाच नाही. खिशात फोन दोनदा वाजला. रविना आंघोळ करून आली, केस पुसत दारातच उभी राहिली, तिनेही पोरीला घेतलं नाही. घड्याळात बघितलं तेव्हा एक तास वीस मिनिटं झाली होती.

जेवण दीड वाजता. थायलंड पुन्हा मोडलं.

प्रवास आणि या सगळ्या गडबडीत आज ध्यान राहून गेलं.