जावेची गोष्ट आणि तुझं पोहणं

आई, परवा दादरच्या वाचनालयात ती जाडी कादंबरी पुन्हा दिसली. बांधणी नवी, आत तीच पिवळी पानं. तू ती ओट्यापाशी उभी राहून वाचायचीस, एका हातात उलथनं, आणि पोळी करपली की लेखकाला बोल लावायचीस. त्यातली नवी सून पहिल्याच दिवशी ठरवते की मोठी जाऊ कपटी आहे, आणि पुढे सगळा जन्म तिच्यापासून अंग चोरून राहते. आधीच्या वाचकांनी समासात पेन्सिलीने जावेला शिव्या लिहून ठेवल्या होत्या. तुला त्या पटतही होत्या. शेवटचं पान संपलं त्या दुपारी तू गॅस बंद केलास आणि म्हणालीस, "जाऊ गेली गं आपल्या वाटेने. ही मात्र होती तिथंच राहिली." मग माझं खोडरबर मागितलंस आणि शिव्या खोडत बसलीस. "पुढच्या वाचणारीला तिचं तिला ठरवू दे."

तेव्हा आपल्या समोरच्या खोलीत त्या बाई राहायच्या, रोज सकाळी तरणतलावावर जाऊन ओल्या केसांनी परतणाऱ्या. त्यांनी कधी थांबून चौकशी केली नाही, म्हणून "कोण लागून गेलीय" म्हणत तू त्यांना मोडीत काढलं होतंस. आणि पोहायचं तर तुला लहानपणापासून होतं. मालवणात भाऊ समुद्रात उड्या मारायचे आणि तू काठावर त्यांचे कपडे सांभाळायचीस, हे आम्ही दर उन्हाळ्यात ऐकायचो. शिकवू शकेल असं माणूस इतकी वर्षं दारासमोर होतं. पुस्तक संपलं त्याच संध्याकाळी तू पदर सारखा केलास आणि त्यांचं दार वाजवलंस. मी मागे उभी.

"मला पोहायला शिकवाल?"

"पाण्याची भीती वाटते?"

"वाटते."

"बरं. उद्या सकाळी तयार राहा." आणि दार बंद.

बाबा म्हणाले, "पन्नाशीत आता काय, पोहत एलिफंटाला जाणार?"

"जाईन. तुम्ही डबा घेऊन या तिथं."

पहिल्या दिवशी परत आल्यावर तू सांगितलंस की बाई खरोखरच शिष्ट आहेत, जास्तीचा एक शब्द नाही. "पण हात सोडत नाहीत."

मग एका सकाळी मी कठड्यापाशी उभी आहे. बाईंचा तळवा तुझ्या पाठीखाली आहे, आणि मग नाही. तू पाण्यावर आडवी, हात पसरलेले, डोळे आभाळाकडे. झोपेतसुद्धा तू कुशीवर, मुठी आवळून असायचीस. मी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवते. गाभाऱ्यासमोर आपोआप निघतात, तशा. एक पुस्तक वाचून आणि एक दार वाजवून माणूस इतकं हलकं होऊ शकतं, हे मला आजही नीट समजत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. ती कादंबरी मी कधी वाचली नाही. परवाही हातात घेतली आणि जागेवर ठेवली. त्यातली सून काही तुझ्याएवढी निघायची नाही, असं मी न वाचताच ठरवून बसले आहे.